परदेशात शिकणारी मुलगी म्हणतेय परत येऊ का, बोलावून घ्यावं का?

नमस्कार, तुमचं पत्र वाचलं. मुलगी मास्टर्सला जाऊन तीन महिने झाले, पहिला महिना रोज फोटो येत होते, आता फोनवर रडते, वर्गात गप्प बसते, पहिल्याच असाइनमेंटला 62 मार्क पडले आणि परवा म्हणाली मी परत येऊ का. आई म्हणतेय बोलावून घेऊ, तुम्ही म्हणताय लोन काढलंय. माझं मत आधीच सांगतो, हे सेमिस्टर संपेपर्यंत परत यायचा निर्णय नको, पण लोनचा विषय तिच्यासमोर अजिबात काढू नका, त्याने ती खरं काय चाललंय ते सांगायचंच बंद करेल.

आता ते 62. देश कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण युके असेल तर 62 चांगले मार्क आहेत हो, तिथे मास्टर्सला साधारण 50 ला पास आणि 70 ला डिस्टिंक्शन! जर्मनीत तर आकडे उलटे, 1.0 सगळ्यात भारी आणि 4.0 म्हणजे काठावर पास. शाळेपासून नव्वद टक्के बघितलेल्या मुलीला 62 दिसले की ती खचणारच, म्हणून तिला आकडा सोडून प्रोफेसरनी खाली लिहिलेला फीडबॅक वाचायला सांगा आणि तो घेऊन ऑफिस अवर्सला जाऊ दे. ही वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते, तरी कितीतरी मुलं आपण ढ दिसू या भीतीने जातच नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं. एकच प्रश्न न्यायचा, हेच उत्तर अजून चांगलं व्हायला काय हवं होतं? बऱ्याचदा कळतं की वाचलेलं सगळं नीट मांडलंय पण स्वतःचं मत कुठेच नाही, आणि मार्क तिथेच गेलेत.

वर्गात बोलायचं तर एक प्रश्न घरूनच लिहून न्यायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकायचा, जितका उशीर तितकं अवघड होत जातं.

दमते म्हणजे हुशारी कमी पडतेय असं नाही. युरोपात एका सेमिस्टरचे 30 ईसीटीएस क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं तिथलं माप, धरले तर 750 ते 900 तासांचं काम होतं आणि ते सगळं परक्या भाषेत, वर पार्ट टाइम जॉब असेल तर विचारूच नका.

आणि सुरुवातीचा आनंद ओसरून मग मन खाली जाणं हे जुनंच निरीक्षण आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या स्कॉलर्सचा अभ्यास 1955 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले बरे रुळलेले होते, मधल्या काळातल्यांना जास्त जड गेलं होतं. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, काहींना पहिले आठवडेच सगळ्यात कठीण जातात, पण आत्ताच्या मनःस्थितीवरून पुढची दोन वर्षं ठरवू नका एवढं नक्की.

मैत्रीसाठी दर आठवड्याला त्याच वेळी तेच चेहरे दिसतील असं काहीतरी धरायला सांगा, क्लब, खेळ, स्टडी ग्रुप काहीही. एखाद्या मोठ्या पार्टीपेक्षा याचा जास्त उपयोग होतो. आपल्या भाषेची मुलं भेटली तर टाळायची नाहीत, फक्त सगळा वेळ तिथेच नको.

तुम्ही दोघांनी दिवसातून तीनतीनदा व्हिडिओ कॉल करणं कमी करा, ती शरीराने तिथे आणि मनाने घरीच राहते त्यामुळे. वेळ ठरवून करा आणि आधी ऐका. मात्र झोप उडालीये, लेक्चर बुडवतेय, खोलीबाहेर पडत नाही असं असेल तर थांबू नका, युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंगची अपॉइंटमेंट लगेच घ्यायला लावा, आणि जगण्यातच अर्थ नाही असं काही बोलली तर त्याच दिवशी, तिथला इमर्जन्सी नंबर तुमच्याकडेही असू द्या.

सेमिस्टरनंतरही यायचंच म्हणाली तर कोर्स सोडण्याआधी तिने इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं, कारण व्हिसा बहुतेक ठिकाणी फुल टाइम शिकण्याशी जोडलेला असतो, आणि काही काळ ब्रेक घेऊन परत जॉइन होता येतं का तेही तिथेच कळेल. तुम्ही परस्पर ईमेल केलात तर मुलगी सज्ञान असल्यामुळे तिच्या परवानगीशिवाय ते तुम्हाला बहुधा काहीच सांगणार नाहीत.