जिप्सम बोर्डाचे सांधे : पुट्टीची घाई नको

प्रश्न : ताई, वाईजवळ आमच्या घराचं बांधकाम शेवटच्या टप्प्यात आहे. खालचा मजला विटांचा आहे. वर स्लॅबवर वजन कमी यावं म्हणून दोन खोल्यांमधली भिंत जिप्सम बोर्डाची केली. बोर्ड लागलेत, सांधे अजून उघडे आहेत. कारागीर म्हणतो, सांध्यावर जाळीची टेप चिकटवतो, वरून पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात मारतो, चार दिवसांत भिंत रंगाला तयार. गणपती नव्या घरात बसवायचे आहेत. सुट्टीच्या दिवशी मी आणि मंडळी स्वतः हात लावायलाही तयार आहोत. कारागिराचं ऐकावं का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. ऐकलंत तर पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक सांध्यावर उभी भेग दिसण्याची भीती आहे, आणि वरून कितीही रंग मारला तरी ती पुन्हा येत राहील.

कारागीर तुम्हाला फसवतोय असं मला वाटत नाही. विटांच्या भिंतीवर, सिमेंटच्या गिलाव्यावर त्याचा हात बसलेला असणार. तिथे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी योग्यच आहे. बोर्डाची गोष्ट वेगळी. वर कागद, आत जिप्सम, आणि ही भिंत पत्र्याच्या चॅनेलवर उभी. दार आपटलं की ती किंचित हलते. सांध्यात भरलेली सिमेंटची पुट्टी कडक असते, ती हलत नाही, तडकते. शिवाय जिप्सम आणि सिमेंट यांचं ओलाव्यात जमत नाही, आणि तुमच्याकडे भाद्रपदात हवेत ओलावा भरपूर.

सांध्याला बळ देते ती टेप, पुट्टी नव्हे. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम थोड्या पातळ केलेल्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते, ती टेप आणि कंपाऊंडसाठीच, म्हणजे सांधे भरायच्या खास लगद्यासाठीच. मी तुम्हाला कागदी टेप सुचवेन. जाळीची टेप चिकट असल्यामुळे लावायला सोपी, पण ती ताणली जाते आणि तिच्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होणारं कंपाऊंडच हवं. पन्हळीत आधी जॉइंटिंग कंपाऊंड भरा. पोत्यावर दिलंय तेवढंच पाणी घाला, चक्क्यासारखं घट्ट कालवा. त्यावर कागदी टेप ठेवा आणि पुट्टी लावायच्या पत्र्याच्या पट्टीने टेपच्या मधल्या रेषेवरून दाबत न्या, खालचं जास्तीचं कंपाऊंड दोन्ही बाजूंनी बाहेर आलं पाहिजे. टेपखाली हवा राहिली तर तिथे फुगा येतो. फुगा दिसला की त्याच वेळी उचलून पुन्हा बसवा, वाळल्यावर नुसतं लिंपून चालत नाही.

हा पहिला हात. दुसरा हात त्याहून रुंद, साधारण दहा इंची पट्टीने. तिसरा बारा इंचांच्या किंवा त्याहूनही रुंद पट्टीने, अगदी पातळ. प्रत्येक वेळी कडा शून्यावर उतरवायच्या. जिथे कापलेल्या कडा एकमेकींना भिडतात तिथे पन्हळ नसते, त्यामुळे उंचवटा येणारच. तो खरवडून घालवता येत नाही, दोन्ही बाजूंना फूटभर पसरवून डोळ्यांआड करावा लागतो. इथे माणसं कंटाळतात, म्हणून मुद्दाम सांगते.

दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा आजच पाहून घ्या. बोर्डाचा सांधा नेमका त्या कोपऱ्याच्या रेषेत आला असेल, तर तिथून भेग निघणं जवळजवळ ठरलेलं. तेवढा बोर्ड काढून इंग्रजी एल आकारात एकसंध कापलेला लावून घ्या. सांधे उघडे आहेत तोवर हे तासाभराचं काम आहे. त्याच फेरीत स्क्रूंवरून पट्टी फिरवा. टकटक वाजला तर तो बाहेर आलाय. त्याचं डोकं कागदाच्या किंचित आत हवं, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर तो स्क्रू धरत नाही, शेजारी दुसरा मारा. बोर्ड जमिनीला टेकलेला नाही ना, हेही पाहा. खाली साधारण 10 मिलिमीटर फट हवी, नाहीतर फरशी पुसायचं पाणी तो वर ओढतो.

आता गणपती. हवा कोरडी असेल तर नुसतं वाळून घट्ट होणारं कंपाऊंड साधारण दिवसभरात वाळतं. पावसात तो हिशेब धरू नका. पंखा लावा, आणि हाताची मागची बाजू टेकवून पाहा: थंड लागलं तर आत ओल आहे. संपूर्ण पट्टा एकसारखा पांढरा दिसेपर्यंत पुढचा हात देऊ नका. चार दिवसांत हे होणार नाही. म्हणून गणपती खाली, विटांच्या खोलीत आनंदाने बसवा. वरची भिंत तशीच राहू द्या. बाप्पांच्या दर्शनाला आलेलं कोणी वर डोकावून नावं ठेवलीच, तर ठेवू द्या.

घासण्याचं काम घरच्यांनी करायला हरकत नाही. एक हात वाळल्यावर, पुढचा देण्याआधी, नुसती वर आलेली टोकं खरवडा, शेवटी बारीक पॉलिश पेपर. ही धूळ फार बारीक असते, काही कंपाऊंडांमध्ये सिलिकाही असते. एन-95 मास्कशिवाय घासू नका, लहान मुलांना वर येऊ देऊ नका. ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने घासलंत तर धूळ बरीच कमी होते. संध्याकाळी बॅटरी भिंतीला समांतर धरून पाहा, दिवसा न दिसलेला प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसेल. तिथे पेन्सिलने खूण करा.

रंगाआधी प्रायमर हवाच. कागद आणि कंपाऊंड रंग सारखा पीत नाहीत, प्रायमर नसेल तर खिडकीतून उजेड आला की सगळे सांधे पट्ट्यांसारखे दिसतात. बोर्ड जिथे विटांच्या भिंतीला भिडतो तिथे मात्र कंपाऊंड ठासू नका. दोन्ही भिंती वेगवेगळ्या हलतात, त्या फटीत रंगवता येणारं अॅक्रिलिक सीलंट भरा.

कारागिराला सोडू नका. त्याला प्रत्येक हातासाठी वेगळी फेरी मारावी लागणार आहे, तेव्हा ठोक रकमेऐवजी फेरीची मजुरी ठरवा, म्हणजे तोही घाई करणार नाही.