गाईला दगडी (कासेला सूज येण्याचा रोग) झाल्यावर प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवाणूंची) पावडर चारून फायदा होतो का? (वाळवा, सांगली)

थोडाफार होतो, पण औषध म्हणून नाही. कास सुजलीय, दुधात गाठी येताहेत, तर आधी डॉक्टर बोलवा. पावडरीवर विसंबून राहिलात तर सड जायचा.

पोटाचा आणि कासेचा संबंध मात्र खरा आहे. आपल्या वाळवा-कराड पट्ट्यात दूध वाढवायला मक्याचा भरडा आणि गोळी पेंड ढीगभर, वैरण म्हणून नुसतं उसाचं वाडं. भरडा जास्त झाला की कोठीपोटात (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) आम्ल वाढतं, काही जिवाणू मरतात, त्यांच्या आवरणातलं विष सुटतं. ते रक्तातून कासेपर्यंत पोचलं की सूज वाढते. २०१८ च्या एका प्रयोगात दगडी झालेल्या गाईंच्या शेणातले जिवाणू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले, तर उंदरांच्या स्तनांना सूज आली. सोबत लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जिवाणू दिल्यावर ती कमी राहिली. अर्थात उंदीर म्हणजे गाय नव्हे.

प्रोबायोटिकपैकी यीस्ट कल्चर (किण्वाची पावडर) कोठीपोटाचं आम्ल आटोक्यात ठेवायला मदत करतं, ते द्या. पण भरडा विभागून, आधी वैरण. धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा, गाय अर्धा तास बसू देऊ नका. दगडीचे जंतू बहुतेक वेळा सडाच्या छिद्रातूनच आत शिरतात.