क्लासला ‘वर्ग’ म्हणावं का, आणि ‘आहे’वर किती विश्वास ठेवावा?

पॉलिटेक्निकच्या मुलांना मराठीतून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: ‘क्लासला वर्ग, ऑब्जेक्टला वस्तू आणि इनहेरिटन्सला वारसा म्हणावं का? दुसरं असं, की “वाक्यातली नामं शोधा आणि त्यांचे क्लास करा” हा नियम मराठी वाक्याला लावला की भलभलते क्लास निघतात. असं का होतं?’

नवख्यांसाठी आधी एवढंच: क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून घडलेली एकेक गोष्ट, मेथड म्हणजे तिला करता येणारं काम, आणि इनहेरिटन्स म्हणजे एका क्लासमधलं सगळं घेऊन, त्यात भर घालून दुसरा क्लास करणं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर उरकतं. वर्गात क्लास आणि ऑब्जेक्टच म्हणा. याच वाक्यात ‘वर्गात’ म्हणजे कुठे, ते तुम्हाला कळलं, आणि अडचण तीच आहे. शाळेचा वर्ग, संख्येचा वर्ग, मध्यमवर्ग, शिवाय बँकेत ‘रक्कम खात्यावर वर्ग केली’. इतकी कामं करणाऱ्या शब्दाला आणखी एक काम लावलं, तर संख्येचा वर्ग काढणारी मेथड कुठल्या वर्गात ठेवायची, असलं वाक्य कधीतरी बोलावं लागेल. ‘वस्तू’ची गोष्ट वेगळी. सभासदाला वस्तू म्हणवत नाही, आणि तारखेला किंवा व्यवहाराला वस्तू म्हटलं तर डोळ्यांसमोर काहीच येत नाही.

पण संकल्पना समजावताना परका शब्द लागत नाही. नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम, हे मुलं शाळेत शिकून आलेली असतात. क्लास म्हणजे सामान्यनाम, ऑब्जेक्ट म्हणजे विशेषनाम, एवढं सांगितलं की निम्मं काम झालं. ही माझी कल्पना नव्हे. नामं शोधण्याचा जो नियम तुम्ही म्हणता, तो संगणकशास्त्रज्ञ रसेल ॲबट यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या एका लेखातून रुळला. त्यात सामान्यनामांवरून डेटाचे प्रकार, विशेषनामांवरून ऑब्जेक्ट आणि क्रियापदांवरून ऑपरेशन्स शोधायची पद्धत आहे. लेखाच्या मथळ्यातच ‘इंग्रजी वर्णनं’ असा उल्लेख आहे, तो विसरला जातो.

‘वारसा’ला मात्र माझा विरोध आहे. वारसा मिळायला आधीच्या पिढीतलं कोणीतरी जावं लागतं आणि वारसांत वाटण्या होतात. इथे तर मूळ क्लास जागचा हलत नाही आणि प्रत्येकाला सगळंच्या सगळं मिळतं. इनहेरिटन्सनं तयार झालेल्या क्लासला ‘उपवर्ग’ म्हणणंही फसवं आहे, कारण ‘उप’ म्हटलं की काहीतरी कमी वाटतं, पण त्या क्लासमध्ये मूळ क्लासपेक्षा गोष्टी जास्त असतात. हाच गोंधळ इंग्रजीतही होता. क्लास आणि सबक्लास या कल्पना नॉर्वेतल्या सिम्युला ६७ या भाषेतून आल्या, पण सी प्लस प्लस ही भाषा घडवताना ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी ‘सुपर’ आणि ‘सब’ टाळून बेस आणि डिराइव्ह्ड हे शब्द घेतले. या जोडीला मराठी व्याकरणात आयता शब्द आहे: साधित. सिद्ध शब्दाला प्रत्यय लागून साधित शब्द होतो आणि सिद्ध शब्द होता तसाच राहतो. मूळ क्लास आणि साधित क्लास. मला तरी याहून चपखल जोडी सुचलेली नाही.

आता दुसरा प्रश्न. वाचनालयाचं एक वाक्य घेऊ: ‘सभासद वाचनालयातून पुस्तक नेतो, मुदतीत परत करतो, उशीर झाला तर दंड आकारला जातो आणि देवघेवीची नोंद केली जाते.’ नामं मोजा. सभासद, वाचनालय, पुस्तक, मुदत, उशीर, दंड, देवघेव, नोंद. एवढ्याशा कामाला आठ क्लास! कारण उघड आहे. मराठीत क्रियापदं मोठ्या प्रमाणावर नामाला ‘करणे’, ‘होणे’, ‘लावणे’ जोडून होतात. नोंद करणे, उशीर होणे, दंड आकारणे. यातलं नाम दिसायला नाम असलं तरी क्रियापदाच्या घरात नांदतं. म्हणून पहिली चाळणी ही, की ‘करणे-होणे’ला चिकटलेलं नाम आधी मेथड समजा.

पण ही चाळणी डोळे मिटून लावली तर ‘देवघेव’ही हातची जाते, कारण देवघेवही ‘करतात’च. इथे थोडं थांबायला हवं, कारण नवशिक्यांचे सगळ्यात जास्त आराखडे इथेच बिघडतात. पुस्तक कधी नेलं आणि कधी परत करायचं, या तारखा ठेवायच्या कुठे? पुस्तकात ठेवल्या, तर पुढच्या वाचकानं पुस्तक नेताच आधीच्या तारखा पुसल्या जातील. सभासदात ठेवल्या, तर त्यानं एकदम दोन पुस्तकं नेली की पंचाईत. त्या तारखा दोघांपैकी कोणाच्याच नाहीत, त्या देवघेवीच्या आहेत. भाषेत याची खूण षष्ठी देते. ‘देवघेवीची तारीख’, ‘देवघेवीची मुदत’ हे सहज म्हणता येतं. ‘उशिराची तारीख’ म्हणत नाही. ‘उशिराचे दिवस’ म्हणतो, पण ते दोन तारखांच्या वजाबाकीतून निघतात, वेगळे जपून ठेवावे लागत नाहीत. ज्या नामाला ‘चा-ची-चे’ लावून लक्षात ठेवण्याजोगं काही सांगता येतं, त्याला क्लास द्या. देवघेव पास, उशीर नापास, मुदत ही देवघेवीचा नुसता गुण. दंडाचं वाचनालयावर अवलंबून आहे: पावती फाडत असतील तर क्लास, नुसता आकडा सांगत असतील तर मेथड.

‘पुस्तक’ हा शब्दही तितका साळसूद नाही. ‘हे पुस्तक मी वाचलंय’ आणि ‘हे पुस्तक फाटलंय’ या दोन वाक्यांतली पुस्तकं वेगळी आहेत. पहिल्यात लेखकाची कृती आहे, दुसऱ्यात कपाटातली प्रत. ग्रंथपाल हे कधीच विसरत नाहीत. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर दाखल नोंदवहीत पाच दाखल क्रमांक पडतात. तेव्हा पुस्तक हा एक क्लास आणि प्रत हा दुसरा. लेखक, प्रकाशक, आवृत्ती पुस्तकाकडे. दाखल क्रमांक आणि फाटकी पानं प्रतीकडे.

ओघात एक गंमत. ‘तेच पुस्तक’ आणि ‘तसंच पुस्तक’ यांतला फरक सहा वर्षांच्या पोरालाही कळतो. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन बरोबरच्या चिन्हांनी ऑब्जेक्टची तुलना केली की ‘तेच का?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि इक्वल्स मेथड नीट लिहिलेली असेल तर ती ‘तसंच का?’ विचारते. मोठमोठे इंजिनिअर इथे ठेचकाळतात. त्यांना हा प्रश्न मराठीतून विचारायला हवा.

नंतर इनहेरिटन्सचा नेहमीचा तिढा: कधी क्लास साधित करायचा आणि कधी एका ऑब्जेक्टमध्ये दुसरा ठेवायचा? इंग्रजीतून शिकवताना ‘इज’ आणि ‘हॅज’ अशी दोनच वाक्यं देतात: ‘इज’ चाललं तर साधित करा, ‘हॅज’ चाललं तर आत ठेवा. मराठीत ‘हॅज’चे निदान दोन तुकडे पडतात, आणि ते उपयोगाचे आहेत. ‘पुस्तकाला अनुक्रमणिका आहे’, पण ‘सभासदाकडे पुस्तक आहे’. ‘ला’ आला की बहुधा ती गोष्ट अंगभूत असते: पुस्तक काढून टाकलं की अनुक्रमणिकाही जाते. ‘कडे’ आला की ती फक्त सध्या त्याच्यापाशी आहे: सभासदाचं नाव कमी केलं म्हणून पुस्तक खोडायचं नसतं. यूएमएल या आराखडे रेखाटायच्या पद्धतीच्या आकृत्यांत भरीव चौकट (अंगभूत भाग) आणि साधी रेघ (नुसता संबंध) यांतला फरक शिकवायला तास घालवतात, तो या दोन प्रत्ययांत बराचसा येतो. ‘बहुधा’ म्हणालो ते मुद्दाम. ‘मला दोन भाऊ आहेत’ इथेही ‘ला’ आहे, आणि भाऊ काही माझ्यात बसवलेले नाहीत.

‘आहे’ तर त्याहून लबाड. ‘मांजर सस्तन प्राणी आहे’ आणि ‘सुमनताई ग्रंथपाल आहेत’ ही दोन्ही वाक्यं व्याकरणाला सारखीच. म्हणून व्यक्ती क्लासमधून ग्रंथपाल आणि सभासद असे दोन क्लास साधित करायचा मोह होतो. मग सुमनताई स्वतःसाठी पुस्तक नेऊ लागल्या की त्यांना कुठे बसवायचं? यावर माझा तोडगा असा: ‘आहे’च्या जागी ‘झाली’ किंवा ‘होती’ घालून बघा. ‘सुमनताई ग्रंथपाल झाल्या’ चालतं, ‘निवृत्तीआधी ग्रंथपाल होत्या’ हेही चालतं. म्हणजे ती भूमिका आहे, अंगावर चढते आणि उतरते. तिला वेगळा ऑब्जेक्ट करून व्यक्तीला जोडा. ‘मांजर सस्तन प्राणी झाली’ हे चालत नाही, तिथे साधित क्लासचा विचार करायला हरकत नाही.

आणि तेव्हाही नुसता विचारच. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ च्या भाषणात मांडलेली कसोटी क्रियापदांची आहे: मूळ क्लासच्या ऑब्जेक्टकडून ज्या ज्या अपेक्षा असतात, त्या सगळ्या साधित क्लासच्या ऑब्जेक्टनं पुऱ्या करायला हव्यात. जावाच्या स्वतःच्या घरात याचं वाईट उदाहरण पडून आहे. तिथला स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासमधून साधित केलेला आहे. स्टॅक म्हणजे चळत. ठेवायचं वरून आणि काढायचंही वरूनच. पण व्हेक्टरच्या सगळ्या मेथड मिळाल्यामुळे या चळतीत मधेच काहीही घुसवता येतं. ‘चळतीच्या आत यादी आहे’ असं म्हणून यादी आत झाकून ठेवली असती, तर हे झालं नसतं.

क्लासचं नाव काय द्यावं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मुलांच्या वह्यांत ‘लायब्ररी मॅनेजर’ नावाचा क्लास हमखास असतो. तो काय करतो, असं विचारलं की उत्तर येतं, ‘वाचनालयाचं सगळं बघतो.’ मराठीतलं हे ‘बघणे’ भलतं उदार आहे, त्यात कारकुनापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची कामं मावतात. तेव्हा ‘बघतो’वर बंदी घाला आणि खरी क्रियापदं लिहायला लावा. दंड काढतो? मग ती मेथड देवघेवीकडे जाऊ दे, दोन्ही तारखा तिच्याच जवळ आहेत. प्रत उपलब्ध आहे का ते सांगतो? ते प्रतीलाच विचारा. सभासदाची मर्यादा तपासतो? ते सभासदाचं काम. एवढं करून मॅनेजरकडे काही उरलंच, तर त्या उरलेल्या कामावरून त्याचं नाव ठेवा.