डोळ्याआधी स्क्रीन मोजा

प्रश्न : आमच्या विभागात यंदा दृष्टिविज्ञानात पीएच.डी. करायला दोन विद्यार्थी आले आहेत, एक भौतिकशास्त्राचा, एक मानसशास्त्राची. दोघांनाही कॉन्ट्रास्ट संवेदनशीलतेवर, म्हणजे उजळ-काळ्यातला किती बारीक फरक डोळा ओळखतो यावर, काम करायचंय. सुरुवातीला त्यांच्याकडून काय करून घ्यावं?
– एक मार्गदर्शक, पुणे

उत्तर : सुरुवातीचे काही आठवडे एकाही सहभागीला बोलावू नका. दोघांना फोटोमीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) द्या आणि स्क्रीन मोजायला बसवा. नाइट लाइट, ऑटो-ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, एचडीआर हे सगळं बंद. स्क्रीन अर्धा तास तापू द्यायची, खोलीत अंधार करायचा आणि ० ते २५५ मधल्या १६ राखाडी छटांची दीप्ती (प्रत्यक्ष उजळपणा) स्क्रीनच्या मध्यावर नोंदवायची. गॅमा (आकडा आणि उजेड यांतलं वाकडं नातं सांगणारी संख्या) २.२ असलेली, कमाल १०० कँडेला प्रति चौरस मीटर देणारी स्क्रीन १२८ या आकड्याला ५० नाही, साधारण २२ कँडेला देते. ही वक्ररेषा सरळ न करता केलेल्या प्रयोगात ‘५० टक्के कॉन्ट्रास्ट’ लिहिलेलं असतं, पण स्क्रीनवर ते नसतंच. वक्ररेषा सरळ करणारी दुरुस्तीची टेबल लावल्यावर पुन्हा मोजायला लावा. ही दुसरी मोजणीच नेमकी राहून जाते.

मग अंतर. डोळा स्क्रीनपासून ५७ सेंटीमीटरवर असेल तर स्क्रीनवरचा १ सेंटीमीटर डोळ्याशी जवळपास १ अंशाचा कोन करतो. ५३ सेंटीमीटर रुंदीवर १९२० पिक्सेल असतील, तर अंशाला ३६ पिक्सेल पडतात. म्हणजे अंशाला ३ आवर्तनांच्या जाळीत (उजळ-काळ्या पट्ट्यांच्या चित्रात; एक उजळ आणि एक काळा पट्टा मिळून एक आवर्तन) एक आवर्तन १२ पिक्सेलांचं. हा हिशोब दोघांनी कागदावर करावा आणि स्क्रीनला फूटपट्टी लावून ताडून पाहावा. हनुवटी टेकायला स्टँड हवाच. नाहीतर माणूस नकळत पुढे सरकतो आणि सगळे कोन बदलतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो ८ बिटांचा, म्हणजे उजेडाच्या फक्त २५६ पायऱ्यांचा, प्रश्न. गॅमा सरळ केला तरी मध्यम राखाडीच्या वर-खाली एकेक पायरी घेतली की कॉन्ट्रास्ट सुमारे ०.८ टक्के होतो, त्याखाली थेट शून्य. तरुण, निरोगी डोळा ३ ते ५ आवर्तनांच्या जाळीत अर्धा टक्काही ओळखतो. म्हणजे आपण डोळ्याची नव्हे, ग्राफिक्स कार्डाची मर्यादा मोजत असतो. ग्राफिक्स कार्डापासून स्क्रीनपर्यंत १० किंवा जास्त बिटांची खरी साखळी वापरा, नाहीतर पिक्सेलांत किंचित यादृच्छिक गोंगाट मिसळणारी डिदरिंग.

प्रश्न : मी स्टेअरकेस (उत्तरांनुसार कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करत जाणारी पद्धत) वापरते. एकाच मुलीचा उंबरठा (जेमतेम ओळखता येणारा कॉन्ट्रास्ट) सोमवारी ०.६ टक्के आला, बुधवारी १.४. कोड चुकलाय का?
– प्रकल्प सहायक, मुंबई

उत्तर : आधी कोडच तपासा, तेही माणसाविना. उंबरठा ठाऊक असलेला कृत्रिम निरीक्षक लिहा, शंभरात दोन उत्तरं त्याला मुद्दाम चुकवायला लावा आणि स्टेअरकेस शंभरदा चालवा. तीन बरोबर आल्यावर एक पायरी खाली आणि एक चूक झाली की वर, या नियमाने ती ७९.४ टक्के बरोबर उत्तरांपाशी स्थिरावते. दोनाच्या नियमाने ७०.७. संशोधक लेव्हिट यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. पायरी आधी मोठी ठेवा, दोन वळणांनंतर (चढ-उताराची दिशा बदलते ते वळण) लहान करा आणि ती पहिली वळणं सरासरीत धरू नका.

कोड ठीक निघाला तर तुम्ही प्रश्न कसा विचारताय ते पाहा. ‘दिसलं का?’ विचारलं की सोमवारी ती धीट असेल, बुधवारी सावध, आणि तेवढ्याने आकडा हलतो. त्याऐवजी दोन खिडक्या दाखवून, ज्यातल्या एकीतच जाळी असते, जाळी कुठल्या खिडकीत होती ते विचारा. मराठीतून स्पष्ट सांगा, ‘काहीच दिसलं नाही असं वाटलं तरी एक निवडायचंच.’ पहिलं सत्र सरावाचं धरा. आणि दोन्ही दिवशी तिने तोच चष्मा लावला होता का, हे नोंदवहीत आहे ना? ५७ सेंटीमीटरवर नजर रोखायला डोळ्याला साधारण पावणेदोन डायॉप्टरचं (चष्म्याच्या नंबराचं एकक) समायोजन, म्हणजे फोकस जवळ आणणं, करावं लागतं. चाळिशी ओलांडलेल्या सहभागींना तर या अंतराचा नंबर वेगळा काढूनच बसवा.

प्रश्न : बी.ऑप्टोम.च्या (नेत्रतपासणीच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंग येत नाही. संशोधनाकडे वळू का?
– विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जरूर वळा. नंबर अचूक काढणं तुम्हाला येतं. भौतिकशास्त्राकडून येणाऱ्यांना ते शिकायला वेळ लागतो. पायथन ही संगणकभाषा आणि प्रयोग लिहायचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर सायकोपाय यांपासून सुरुवात करा. सोबत लॉगमार तक्त्यावर (नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यावर) ओळीऐवजी अक्षरागणिक गुण द्यायची सवय लावून घ्या: ओळीत पाच अक्षरं, प्रत्येकाचे ०.०२. ओळीवर थांबलात तर ०.१ पेक्षा लहान फरक नोंदीतच येत नाहीत.