मुलगा दिवसभर पडून राहत असेल तर

ताई, औषधांनी नसलेले आवाज ऐकू येणं थांबलं, तरी मुलगा अंघोळ करत नाही, नुसता पडून असतो, म्हणून तुम्ही वैतागलात. साहजिक आहे. पण हा आळस नव्हे, स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचाच भाग आहे. काही करावंसंच वाटत नाही, बोलणं एकदोन शब्दांवर येतं, चेहरा कोरा राहतो. भास कमी करणाऱ्या गोळ्यांचा यावर फारसा परिणाम होत नाही. मात्र गोळ्यांची सुस्ती किंवा नैराश्यही असंच दिसतं, तेव्हा डॉक्टरांना ते नक्की विचारा. डोस मनाने बदलू नका.

‘अंघोळ कर’ म्हणून भागत नाही. बादली भरा, टॉवेल हातात द्या, ‘चल, पाणी काढलंय’ म्हणा. माझ्या भावाची अंघोळ अशीच सुरू झाली. मग संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, येताना दुधाची पिशवी त्यानेच घ्यायची, पैसेही त्यानेच द्यायचे. दुकानदाराशी ‘अर्धा लिटर’ एवढंच बोलला तरी मला ते खूप वाटतं.

घरात टोमणे मात्र कोणालाच मारू देऊ नका. सततच्या टीकेने आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय.

आणि तुम्हालाच असह्य झालं, तर रात्रीही १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.