स्कीवर उलटं जाऊन (स्विच) उडी घ्यायची आणि फिरायचं, हे कसं शिकावं? मे महिनाभर गावी आहे, बर्फ नाही

तुझा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, म्हणजे तुझ्यावर नाही, पण यवतमाळकडचा पोट्टा परदेशात शिकायला जातो, तिथे बर्फावर सरळ जाऊन 360 (हवेत एक पूर्ण फेरा) मारतो, आणि सुट्टीत घरी येऊन 45 डिग्रीत विचारतो की उलटं जाऊन उडी घ्यायला जीव घाबरते, कोणत्या खांद्यावरून बघायचं, इथे बसल्या बसल्या काय सराव करू. वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

माझं सांगतो म्हणजे किती ऐकायचं ते तुझं तू ठरवशील. मी वरुड तालुक्यातला, घरी संत्र्याची बाग, शाळेत पीटी शिकवतो. गुलमर्गला कोर्स करायला गेलो तोपर्यंत माझ्यासाठी थंडीची हद्द म्हणजे चिखलदरा, गुलमर्ग त्याच्या दुपटीहून उंच, 2,650 मीटर, उतरलो तेव्हा नाकातलं पाणी गोठलं. तेव्हापासून चटक लागली, जमेल त्या हिवाळ्यात पंधरा-वीस दिवस जातो. उड्यांसाठी बनवलेले मोठमोठे पार्क माझ्या नशिबी आले नाही, आम्ही चारपाच जण फावड्यानं बर्फ रचून कमरेएवढा किकर (उडी घ्यायचा बर्फाचा चढ) बनवायचो आणि त्याच्यावरच काय ते. त्यामुळे माझी मजल स्विच 180 (उलटं निघून अर्धा फेरा), स्विच 360 आणि एखाद्या चांगल्या दिवशी स्विच 540. त्याच्या पुढचं कोणा दुसऱ्याला विचार.

आता मुद्दा. फिरणं तुला येतेच, नाहीतर 360 कशी मारली असती. अडते ते मानेपाशी. सरळ जाताना किकर, लिप (किकरची वरची कड), लँडिंग (उतरायचा उतार) सगळं समोर दिसते, उलटं जाताना छाती डोंगराकडे आणि मान एका खांद्यावरून मागे वळलेली, म्हणजे अर्धंच दिसते, आणि लिप जवळ आली की माणूस घाबरून दोनपैकी एक काहीतरी करतो, एकतर खाली मान घालून पायाकडे बघतो नाहीतर घाईनं आधीच फिरायला लागतो. मी दुसरं केलं होतं. लिपच्या हातभर आधीच खांदे फिरवले, स्की अजून बर्फावर, स्कीची एज (कड) रुतली आणि मी आडवाच्या आडवा लँडिंगवर. हासळीचं (गळ्याखालचं) हाड मोडलं. एक हात गळ्यात बांधून दोन दिवस रेल्वेचा प्रवास करून घरी आलो तर ऐन कापूस वेचणीचे दिवस, आई म्हणे बर्फात मोडायचंच होतं तर डावा तरी मोडायचा, उजवा काहून मोडला.

तर ते आधी फिरणं बंद कर. लिप संपेपर्यंत स्की सपाट, पाय खांद्याएवढे रुंद (सरळ जाताना ठेवतो त्याच्यापेक्षा थोडे जास्तच), गुडघे मऊ, वजन दोन्ही पायाच्या मधोमध. मागे काय आहे म्हणून भीतीनं डोंगराकडे झुकशील तर स्कीची टोकं रुतणार, आणि उलट खालच्या बाजूला लवंडलास तर पाठीवर नाहीतर डोक्यावर. किकर जसा चढतो तसं अंग पण त्याच्याशी काटकोनात राहिलं पाहिजे. मग लिपवर आलं की पंजाच्या गादीवरून उसळी आणि त्याच क्षणी डोकं आणि खांदे फिरवायचे, कमर आणि पाय मागून आपोआप येतात. उसळी आधी आणि फिरणं तिच्यासोबत, हा हिशोब उलटा झाला की हवेत वाकडा होतोस.

कोणत्या खांद्यावरून बघायचं हे तू विचारलंच आहेस. याच्यात दोन मतं आहेत आणि दोन्ही चालतात. पहिल्या 180 ला मी जिकडे फिरणार त्याच खांद्यावरून बघतो, डावीकडे फिरायचं तर डाव्या, म्हणजे नजर लँडिंगवरून हटतच नाही, अंग फक्त नजरेच्या मागे येते. पुढे 540 वगैरे करायचं झालं की काही जण उलट्या खांद्यावरून बघत येतात, कारण त्याच्यात वरचं अंग आधीच पीळ देऊन ठेवल्यासारखं होते आणि सोडलं की जोर मिळतो, पण मध्ये मान पलटवताना क्षणभर काही दिसत नाही. तुला आत्ता त्याची गरज नाही.

आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. बरेच पोट्टे म्हणतात आधी उलटी उडी घेऊन न फिरता उलटंच उतरू, ते सोपं असेल. अजिबात नाही लेका. पूर्ण वेळ आंधळ्यासारखं असते ते. स्विच 180 सोपी, कारण उलटा निघतो आणि सरळ उतरतो, अर्ध्या फेऱ्यात सगळं समोर येते. मग स्विच 360, त्याच्यात परत उलटं उतरायचं असते म्हणून मधेच घाबरल्यासारखं होते, आणि स्विच 540 मध्ये दीड फेरी मारून पुन्हा सरळ. मला तर 360 पेक्षा 540 चं उतरणं बरं वाटते, फक्त तेवढी हवा मिळाली पाहिजे.

पण या सगळ्याच्या आधी, सोप्या उतारावर उलटं स्की करणं. हे सांगितलं की सगळ्यांचं तोंड वाकडं होते. किकर बिकर काही नाही, अख्खा दिवस सगळ्यात सोप्या उतारावर उलटं जायचं, डाव्या खांद्यावरून बघत, मग उजव्या, वळणं घेत, आणि चालता चालता सपाटीवर छोट्या उड्या मारून 180. किकरकडे उलटं जाताना शेवटच्या क्षणी घाबरून वेग कमी करायची सवय असेल तर तीही इथेच जाते. वेग कमी पडला की सपाटी संपून लँडिंगचा उतार सुरू होतो तिथली जी कड असते, नकल म्हणतात तिला, तिच्यावर आदळशील आणि गुडघे जातील. वेगाचा अंदाज येत नसेल तर ज्याला किकर माहीत आहे त्याच्या मागे मागे आधी एकदोनदा सरळ उडी मारून घे, किकर तोच तर वेग तोच, उलटं जातो म्हणून काही वेगळा लागत नाही.

स्की पण बघून घे. भाड्याच्या जुन्या स्कीचं मागचं टोक सपाट असते, ते उलटं जाताना बर्फात घुसते. दोन्ही टोकं वर वळलेली ट्विन टिप पाहिजे. 1998 मध्ये सॉलोमन कंपनीनं टेनएटी नावाची काढली, कॅनडाचे स्कीअर माइक डग्लस, जेपी ऑक्लेअर वगैरे मंडळी होती त्याच्यामागे, नावच 1080, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्या. त्याच्यानंतर हे उलटं निघणं-उतरणं सर्रास झालं. 2014 ला सोचीमध्ये स्लोपस्टाइल (उतारावरच्या अडथळ्यांची आणि उड्यांची स्पर्धा) ऑलिम्पिकमध्ये आलं, पुरुषांची तिन्ही मेडलं अमेरिकेनं नेली, 2022 ला बीजिंगमध्ये बिग एअर (एकाच मोठ्या उडीची स्पर्धा) आलं. तिथले वरचे खेळाडू सरळ-डावं, सरळ-उजवं, उलटं-डावं, उलटं-उजवं अशा चारही बाजूंनी फिरतात, म्हणून तू एकाच बाजूला चिकटून राहू नको, लवकरच दुसरी बाजूही सुरू कर, नाहीतर माझ्यासारखी उजवी बाजू कायमची लंगडी राहते.

आता मे महिन्याचं. मी हे अर्धं शिकलो घरच्या कापसाच्या गंजीत. भाव येईपर्यंत एक खोली कापसानं भरलेली राहायची आणि आम्ही भावंडं उंबरठ्यावर उलटे उभे राहून त्याच्यात पडायचो, बाबा काठी घेऊन यायचे कारण कापूस तुडवला की पिवळा पडते म्हणे, कवडी होते. त्या पडण्यातच एकदा ध्यानात आलं की मान आधी वळवली की अंग हवेत आपोआप वळते, आणि मान ताठ ठेवली की कितीही हात फेका, पाठीवरच. ते अजून डोक्यात आहे.

आत्ता मे मध्ये कापूस घरी नसेल, आणि विहिरीत जायचं नाव काढू नको. लहानपणी आम्ही काठावर पाठ करून मुटके मारायचो, पण आता पाणी पार बुडाशी गेलं आहे, खाली दगड, मोटर, पाइप, वायर. मग राहते ते कुटार (मळणीनंतरचा भुसा). कोणाच्या तरी शेतात मोठा ढीग असेलच, विचारून घे. बाजूला बंडी (बैलगाडी) उभी कर, चाकाला उटी लाव म्हणजे हलणार नाही, आणि बंडीच्या मागच्या टोकावर ढिगाकडे पाठ करून उभा राहा. आधी फक्त खांद्यावरून ढीग बघायचा आणि उसळी मारून अर्धा फेरा, पायावर उतरायचं. उसळी झाल्याशिवाय खांदे हलले नाही पाहिजे, मोबाइलवर व्हिडिओ काढायला कोणाला तरी सांग, तुला स्वतःला ते कधीच कळणार नाही. दिवसाला वीसपंचवीस पुरे. डावीकडे जमलं की उजवीकडे. दीड फेरा बंडीवरून करू नको, तेवढी उंची नाही, त्याच्यासाठी अमरावतीला जाता येत असेल तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 पासूनचं, मी मल्लखांब तिथेच शिकलो, मॅटवर सराव करू देतात का चौकशी कर, आणि कोणीतरी जाणता बाजूला उभा असल्याशिवाय सुरू करू नको.

हेल्मेट बंडीवरही घाल, लोक हसतील तर हसू दे. कुटार सोयाबीनचं असलं तर बरं, गव्हाच्यात कूस असते, घामाच्या अंगाला चिकटली की रात्रभर खाजवत बसशील. आणि रोज सुरू करायच्या आधी लांब काठीनं ढीग नीट ढवळून घे, या दिवसांत विंचू-सापही सावलीसाठी तिथेच येतात.