ट्रान्सक्रिप्शनचा कोर्स लावू की नको?

प्रश्न: माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी 30 आणि इंग्रजी 40 ची टायपिंग परीक्षा पास झाली आहे. सीताबर्डीवरच्या एका संस्थेत ट्रान्सक्रिप्शनचा, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्याचा, सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी 38 हजार. घरबसल्या काम मिळतं म्हणतात. तिचा दादा म्हणतो, हे काम आता मोबाइलच करतो. कोणाचं ऐकावं?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर: ताई, दादाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तुमचा 38 हजारांचा कोर्स नेमका त्या खऱ्या अर्ध्यात येतो. फी भरू नका. पण ‘मोबाइलच करतो’ म्हणून लेकीने हा विषय सोडून द्यावा, असंही नाही.

एकच माणूस, शांत खोली, माइक तोंडाजवळ, भाषा इंग्रजी किंवा पुस्तकी मराठी असेल, तर तासाभराचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर काही मिनिटांत लिहून देतं. तेच हाताने उतरवायला सरावलेल्या माणसाला चार तास लागतात. चार-पाच जणांची बैठक असेल तर सहा ते आठ. त्यामुळे स्वच्छ आवाजाचं काम हाताने करून घ्यायला आता फारसं कोणी पैसे देत नाही. अमेरिकी डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करण्याचं काम एकेकाळी भारतात जोरात होतं. आता तिथेही बहुतेक मसुदा यंत्र काढतं आणि माणूस तो तपासतो. संस्थांच्या जाहिराती मात्र त्या जुन्या दिवसांच्या भरवशावर चालू आहेत.

आता उरलेलं अर्धं. यंत्राची अचूकता मोजताना चुकलेले, गाळलेले आणि जास्तीचे घुसलेले शब्द मोजतात आणि त्या बेरजेला प्रत्यक्ष बोललेल्या शब्दांनी भागतात. 100 शब्दांत 4 चुकले, 2 गळले, 1 जास्त आला, तर चुका 7 टक्के. कागदावर हे ठीक दिसतं, पण त्या सातात एखादा ‘नाही’ गळला तर साक्ष उलटी होते. ‘एकोणसाठ’चं ‘एकोणसत्तर’ किंवा ‘हायपो’चं (कमी) ‘हायपर’ (जास्त) झालं तर वाक्य वाचायला अगदी सुरळीत लागतं, म्हणून चूक डोळ्यांना दिसतही नाही. माणूस अडला की ‘अस्पष्ट, 12:34’ अशी खूण करतो. यंत्र बहुधा अडत नाही, ठोकून देतं. 2022 साली आलेलं व्हिस्पर हे आवाज ऐकून लिहिणारं मॉडेल इंटरनेटवरच्या 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकवलं होतं, त्यात जवळपास दोन-तृतीयांश इंग्रजी. शांततेच्या जागी ते कधी कधी कोणी न बोललेलं वाक्यही टाकून देतं.

त्यात आपली बोली. ‘काहून’, ‘येऊन राहिला’, मधेच अर्धं वाक्य हिंदी. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराची मुलाखत असेल तर आंबिया बहार, मृग बहार हे फुलोऱ्याचे हंगाम आणि डिंक्या, कोळशी हे झाडाचे रोग येणारच, आणि ‘कोळशी’चा ‘कोळसा’ व्हायला वेळ लागत नाही. हे पकडायला विषय आणि बोली दोन्ही ठाऊक असलेला कान लागतो. तुमच्या लेकीकडे बोली आहे, ही फुकटची कमाई समजा.

पैसे भरण्याआधी तिला एका रविवारी हा प्रयोग करायला सांगा. घरातल्या दोघांचं गप्पा मारतानाचं 10 मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, पंखा बंद, मोबाइल फूटभर अंतरावर. त्यात साधारण 1,200 शब्द येतील. आधी ते हाताने उतरवायचं आणि घड्याळ लावायचं. मागेपुढे करत 50 मिनिटं ते तास लागेल. मग तेच कुठल्याही आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचं आणि त्याचा मसुदा ऐकत ऐकत दुरुस्त करायचा. एक चूक सुधारायला 12 सेकंद धरा. चुका 5 टक्के म्हणजे 60 असतील तर ऐकण्याची 10 मिनिटं धरून 22 मिनिटांत काम आटोपतं. 25 टक्के म्हणजे 300 असतील तर 70 मिनिटं जातात, त्यापेक्षा कोऱ्या पानावर टाइप करणं परवडलं. सीमारेषा साधारण 17 ते 21 टक्क्यांच्या दरम्यान पडते. कुठलं रेकॉर्डिंग यंत्राला द्यायचं आणि कुठलं नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत ओळखता येणं हेच आजचं कौशल्य. सहा महिने नुसतं ऐकून टाइप करायला शिकवणारी संस्था ते शिकवेल असं मला वाटत नाही.

नोकरीच हवी असेल तर तिने स्टेनोकडे, म्हणजे खुणांच्या लिपीत भराभर टिपून घेण्याच्या लघुलेखनाकडे, वळावं. टायपिंग झालेलं आहेच. राज्य शासनात लघुटंकलेखकाला लघुलेखनाचा वेग मिनिटाला 80 शब्द लागतो, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100, उच्चश्रेणीला 120. नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, जिल्हा न्यायालय आहे, हिवाळी अधिवेशन भरतं; शब्द टिपणाऱ्या माणसांचं काम या गावाला नवीन नाही. 80 पर्यंत रोज दोन तास देऊन वर्ष लागू शकतं, आणि 80 वरून 100 ला जाताना बहुतेक मुलं अडकतात, कारण रेघा नीट काढण्याची सवय सोडून ऐकण्याच्या वेगाने हात चालवावा लागतो. स्टेनोलाही यंत्राचा धक्का बसणार नाही, असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाच्या सुनावणीत यंत्राने थेट शब्दांकन सुरू केलं. पण तो मजकूर तपासायला वकिलांकडेच द्यावा लागतो. शिवाय न्यायाधीश सांगतात ते टिपणं आणि कोर्टातला गलबला उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

फावल्या वेळात तिने विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्यांच्या मुलाखती उतरवून द्याव्यात. दर मिनिटावर ठरवायचा, पण रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय नाही. कँटीनमध्ये केलेली मुलाखत आणि खोलीतली मुलाखत एका दरात घेतली तर पहिल्याच महिन्यात कंटाळून सोडून देईल. आणि मुलाखत किंवा रुग्णाचं रेकॉर्डिंग देणाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवायचं नाही.

तरीही संस्थेत जायचंच असेल तर तिथे तीन गोष्टी मागा: मागच्या बॅचमधल्या दोन मुलींशी बोलायची सोय, सरावासाठी देतात त्या आवाजाच्या फायलींचा नमुना, आणि ‘काम मिळेल’ हे लेटरहेडवर लिहून. तिसऱ्या मागणीवर काउंटरवरचा माणूस गप्प झाला, तर परतीची रिक्षा पकडा.